खात्री नसेल तर 'नाही' म्हणा : लिनक्सच्या गाभ्यातील एका प्रश्नावलीचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांनी संगणकाच्या कार्यप्रणालीविषयी लिहावे, हे काही वाचकांना अनाठायी वाटेल. तथापि 'आपला वाचक कोण?' हा प्रश्न आमच्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे, आणि गेल्या तीन दशकांत तो ज्या मजकुराच्या लेखकांना सातत्याने छळत आला, असा एक मजकूर साहित्याच्या प्रांताबाहेर तयार झाला आहे. लिनक्स या कार्यप्रणालीचा कर्नल बांधण्यापूर्वी बांधणाऱ्यास विचारली जाणारी प्रश्नावली, हा तो मजकूर. त्यातील नेटवर्क आणि ड्रायव्हर यांची प्रकरणे सर्वांत बोलकी आहेत, म्हणून प्रस्तुत लेख त्यांच्यापुरता मर्यादित ठेवला आहे.

'कर्नल' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बीमधला गर. मराठीत त्याला 'गाभा' म्हणता येईल. 'गर्भ'पासून 'गाभा' आणि 'गर्भागार'पासून 'गाभारा' झाला, ही व्युत्पत्ती येथे उपयोगी पडते. कारण संगणकावरील सामान्य प्रोग्रामला यंत्राच्या भागांना थेट हात लावता येत नाही. त्याला आपले मागणे कर्नलपुढे मांडावे लागते, आणि प्रत्यक्ष व्यवहार कर्नल करतो. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाची भाषा जाणणारा कर्नलचा भाग. नेटवर्क कार्ड कितीही चांगले असो, त्याची भाषा जाणणारा ड्रायव्हर नसेल तर कर्नलच्या लेखी ते नसल्यासारखेच.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ च्या सप्टेंबरात कर्नलची ०.०१ ही आवृत्ती खुली केली. तीत प्रश्नावली नव्हती आणि नेटवर्कही नव्हते. सेटिंग बदलायची तर मूळ कोडमधली एक फाईल उघडून हाताने खाडाखोड करावी लागे. त्या फाईलीत हार्ड डिस्कचे जे वर्णन होते, त्याला खुद्द लिनसचेच नाव दिलेले होते. सोबत दुसऱ्या एका व्यक्तीच्या डिस्कचे वर्णन होते, आणि कळफलक फिनिश गृहीत धरलेला होता. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर या मजकुराचा अभिप्रेत वाचक म्हणजे लेखक स्वतः आणि त्याचा एखादा स्नेही. रोजनिशीसारखाच हा प्रकार होता.

ही रोजनिशी इतरांच्या हाती गेली तेव्हा नेटवर्कची मागणी पुढे आली. येथे एक ऐतिहासिक योगायोग ध्यानात घेतला पाहिजे. टीसीपी-आयपीची उत्तम संहिता तोवर अस्तित्वात होती. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर ती दिली होती. परंतु १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स विभागाने बीएसडीवर हक्कासाठी दावा लावला. १९९४ च्या आरंभी तडजोड होईपर्यंत त्या संहितेवर संशयाचे सावट राहिले. या अनिश्चिततेमुळे, आणि काही अंशी नवे करून पाहण्याच्या उत्साहामुळे, लिनक्सच्या मंडळींनी सर्व काही मुळापासून लिहायचे ठरवले.

१९९२ मध्ये रॉस बिरो यांनी पहिली संहिता लिहिली. ती अपुरी होती, पण चालत होती. बिरो बाजूला झाल्यावर फ्रेड व्हान केम्पेन यांनी सूत्रे घेतली. त्यांच्या डोळ्यांपुढे एक व्यापक, नेटकी रचना होती आणि ती पूर्णत्वास नेण्याचा त्यांचा ध्यास होता. वापरणारे मात्र आजच्या चुका आज दुरुस्त व्हाव्यात म्हणून अधीर झाले होते. वेल्समधील स्वान्झी विद्यापीठाच्या वर्तुळातील अ‍ॅलन कॉक्स यांनी दुसरा मार्ग धरला. आहे तीच संहिता घ्यावी, तिच्यातले दोष एकेक करून काढावेत, आणि लोकांना वापरता येईल असे काही सतत देत राहावे. टोरवाल्ड्स यांनी अखेर कॉक्स यांचा मार्ग स्वीकारला. १४ मार्च १९९४ रोजी प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीत नेटवर्क होते. आदर्श ग्रंथाची वाट पाहायची, की सदोष का होईना, प्रत प्रसिद्ध करून पुढच्या आवृत्तीत सुधारत जायचे, हा वाद कोशकारांना आणि संपादकांना नवा नाही.

ड्रायव्हरांचे लेखन मात्र एका संहितेचे काम नव्हते. बाजारात कार्डांचे असंख्य प्रकार होते. इथरनेट कार्डांचे आरंभीचे बहुसंख्य ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांच्या हातचे आहेत. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये 'बेवुल्फ' हा संगणकसमूह उभारला. १६ साध्या संगणकांना इथरनेटने जोडून महासंगणकाचे काम करून घेण्याचा तो प्रयोग होता. ड्रायव्हर चांगले नसते, तर ही जोडणी व्यर्थ ठरली असती.

त्या काळातील एनई २००० जातीचे कार्ड बसवणे म्हणजे काय होते, हे सांगितल्यावाचून प्रश्नावलीचे मर्म कळणार नाही. या कार्डाला स्वतःची ओळख सांगता येत नसे. कार्डावरील लहानशा पिना जोडून त्याचा पत्ता आणि आयआरक्यू क्रमांक ठरवावा लागे, आणि तेच आकडे कर्नललाही कळवावे लागत. आयआरक्यू ३ ठेवला तर तो दुसऱ्या सिरियल पोर्टशी भांडे. कर्नलने आपण होऊन शोध घ्यावा, तर त्याला संभाव्य पत्त्यांवर 'कोणी आहे का?' असे विचारत फिरावे लागे. त्यात भलत्याच उपकरणाचे दार ठोठावले गेले, तर सबंध यंत्र गोठून जाई. पुढे पीसीआय पद्धतीची कार्डे रूढ झाली. त्यांच्यावर उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक कोरलेलाच असतो, त्यामुळे विचारताक्षणी कार्ड आपली ओळख सांगते. चाचपडण्याचे युग हळूहळू संपले.

आता प्रत्यक्ष प्रश्नावलीकडे वळू. प्रत्येक ड्रायव्हरमागे एक प्रश्न असतो आणि त्याची बहुधा तीन उत्तरे असतात. 'वाय' म्हणजे हा भाग कर्नलमध्येच घ्यावा. 'एम' म्हणजे तो सुटा ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा जोडावा. 'एन' म्हणजे नको. एवढी काटेकोर निवड कशासाठी? कर्नल कायम मुख्य स्मृतीत वास करतो. प्रोग्रामांप्रमाणे त्याला तात्पुरते डिस्कवर हलवता येत नाही. ज्या काळी यंत्राची सारी स्मृती चार मेगाबाइट असे, त्या काळी नको असलेला ड्रायव्हर म्हणजे घरात कायमचा ठाण मांडून बसलेला पाहुणा.

प्रश्नांसोबत साहाय्यक टिपा असत. अनेक वर्षे या टिपा एकाच मोठ्या फाईलीत होत्या आणि अ‍ॅक्सल बोल्ट यांनी दीर्घकाळ तिची निगा राखली. या टिपांचा स्वर आम्हाला लक्षणीय वाटतो. त्या उपकरणाचे वर्णन करतात, धोका सांगतात, आणि शेवटी बहुधा एक सल्ला देतात : खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. वाचक अनभिज्ञ असू शकतो, हे येथे लेखकाने मान्य केले आहे. त्या अनभिज्ञतेबद्दल त्याला हिणवलेले नाही, आणि निर्णय त्याच्या हातून काढूनही घेतलेला नाही. नेटवर्कच्या प्रश्नापाशी सल्ला नेमका उलटा आहे. यंत्र एकटे असले, कोणाशीही जोडलेले नसले, तरी 'हो' म्हणा. कारण एकाच यंत्रावरचे कित्येक प्रोग्रामही परस्परांशी नेटवर्कच्याच रीतीने बोलतात.

२००० नंतर एरिक रेमंड यांनी ही प्रश्नावली नव्याने रचण्याचा घाट घातला. त्यांच्या 'सीएमएल २' या योजनेच्या समर्थनार्थ त्यांनी एक काल्पनिक पात्र उभे केले : टिली आत्या. तंत्राचा गंध नसलेल्या या आत्यालाही आपला कर्नल बांधता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २००२ च्या आरंभी यावर कडाक्याचा वाद झाला. आत्याने कर्नल बांधायचाच कशाला, तिला तयार कर्नल मिळतो की, असे विरोधकांचे म्हणणे. रेमंड यांची योजना पायथन भाषेवर विसंबून होती आणि एकाच वेळी फार काही बदलू पाहत होती, हेही आक्षेप होते. ती बारगळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रोमन झिपेल यांची साधी रचना २.५.४५ या आवृत्तीत आली. तिच्यात प्रत्येक विभागाच्या फाईलीत प्रश्न आणि त्याची टीप शेजारी-शेजारी असतात. मूळ आणि टीका एकाच पानावर आली, असे आपण म्हणू.

टिली आत्या हरली, असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः विरोधकांचे म्हणणेच पुढे व्यवहारात उतरले. आज लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांनी ही प्रश्नावली पाहिलेलीही नसते. वितरण तयार करणाऱ्या मंडळींनी हजारो प्रश्नांची उत्तरे आधीच दिलेली असतात, आणि बहुतेक ड्रायव्हर सुटे ठेवून निवड यंत्रावर सोपवलेली असते. सोय झाली, यात शंका नाही. पण 'नाही' म्हणण्याचा अधिकार वाचकाकडून संपादकाकडे गेला, हेही नोंदवले पाहिजे.

नावांचा इतिहासही असाच आहे. पूर्वी कार्डाला सापडण्याच्या क्रमाने नाव मिळे : 'इथ०', 'इथ१'. दोन कार्डे असतील तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नावांची अदलाबदल होण्याचा संभव असे, आणि संरक्षणाचे नियम भलत्याच दाराला लागू होत. २०१३ च्या जानेवारीत सिस्टिमडी या प्रणालीने स्थानावरून नावे देण्यास आरंभ केला. 'ईएनपी३एस०' म्हणजे तिसऱ्या पीसीआय मार्गावरील शून्याव्या खाचेतले इथरनेट कार्ड. गावावरून आडनाव लावण्याची रीत ज्यांच्याकडे आहे, त्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

आणखी एक नोंद आम्हाला भाषेचे अध्यापक म्हणून महत्त्वाची वाटते. २००५ मध्ये या प्रश्नावलीच्या साधनात अनुवादाची सोय आली, म्हणजे प्रश्न इंग्रजीखेरीज अन्य भाषांत दाखवणे शक्य झाले. २०१८ मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली. त्याबद्दल फारसा गलबला झाला नाही. ज्या वाचकाला गृहीतच धरलेले नाही, त्याची गैरहजेरी कोणाला जाणवत नाही. टिली आत्यासाठी निदान वाद तरी झाला. पण ती आत्याही इंग्रजी वाचणारीच होती. तांत्रिक मजकूर मराठीत आणावा की नाही, या चर्चेत आपण बहुधा परिभाषेवर अडतो, 'कर्नल'ला गाभा म्हणावे की गर यावर घुटमळतो. त्याआधीचा प्रश्न वाचकाचा आहे. तो वाचक आहे, त्याला विचारले गेले पाहिजे, आणि खात्री नसताना काय करावे हे त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे, असे आधी कोणीतरी मानावे लागते. शब्द त्यानंतर सापडतात.