ज्वारी, दोन रुपयांचा तांदूळ आणि इचोड्याची चूल

राजांचा इतिहास लिहिला जातो, लढायांचा लिहिला जातो, आता चळवळींचाही लिहिला जाऊ लागला आहे. पण घरोघर दिवसातून दोनदा पेटणाऱ्या चुलीचा इतिहास बहुधा चुलीबरोबरच विझतो. बाईने हाताच्या अंदाजाने घातलेले मीठ आणि डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेले पाणी कोणत्या दप्तरात नोंदले जाणार? तरीही एखाद्या मुलखात राज्य कोणाचे आले, भाव कोणी ठरवले, सरहद्द कुठून गेली, हे सारे त्या मुलखातल्या परातीत उतरलेले असते. आमच्या सीमाभागात तर ते स्पष्टच दिसते.

इचोडा हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, आदिलाबाद आणि निर्मल यांच्या मधले गाव. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, जुन्या कागदांवर उर्दू आणि बाजाराला येणाऱ्या माणसांच्या तोंडी गोंडी, कोलामी, लंबाडी. माझे सासर या गावचे आणि माहेर किनवट तालुक्यातले. 1905 साली आदिलाबाद हा निजामाच्या राज्यातला जिल्हा झाला आणि त्यात किनवट होते, राजुराही होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले तेव्हा किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, पुढे महाराष्ट्रात आले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014 पासून तेलंगणात आहे. भाषेच्या अंगाने या वाटणीची चर्चा पुष्कळ झाली. ताटाच्या अंगाने फारशी झालेली नाही. ती येथे करू पाहते.

गरिबाच्या आणि मध्यम घरच्या स्वयंपाकाला तीन हिशेब सांभाळावे लागतात : दाण्याचा, सरपणाचा आणि बाईच्या वेळेचा. 'स्वस्त आणि झटपट' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो तो पदार्थ या तिन्हींपैकी कशात तरी बचत करतो आणि कशात तरी जास्त खर्च करतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे आमच्या चुलीवरचे बदल नीट समजतात.

आधी दाण्याचा हिशेब. आमची काळी जमीन ज्वारीची. ज्वारीत तुरीचे पाटे, म्हणजे एकाच शेतातून भाकरी आणि वरण दोन्ही. कडबा बैलाला, तुराट्या-पऱ्हाट्या चुलीला. डोंगरातल्या गोंडांचेही मुख्य अन्न ज्वारीच. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ 1940 नंतरच्या वर्षांत उटनूरकडच्या मार्लवाईत राहिले. 1948 मध्ये निघालेल्या राजगोंडांवरील त्यांच्या ग्रंथात ही ज्वारीची शेती दिसते. आजही दिवाळीच्या सुमारास दंडारीचे मेळे मोरपिसांचे टोप घातलेल्या गुसाडींसह गावोगाव जातात, तेव्हा पाहुण्या गावाला जेवू घालणे ही यजमान गावाची जबाबदारी असते. सण म्हणजे फराळाचे डबे, ही समजूत आपली; त्यांचा सण म्हणजे अख्ख्या गावाची पंगत.

या ज्वारीतून काय काय होई, ते एकदा नीट लिहून ठेवते. ज्वारी थोडी ओलवून भरडायची. पाखडून पीठ वेगळे, कण्या वेगळ्या. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर अर्धा तास. वरून ताक आणि जवळ हिरवी मिरची. याच पदार्थाला आमचे तेलुगू शेजारी 'गटका' म्हणतात. पीठ रात्री ताकात कालवून ठेवून सकाळी लसूण-जिरे घालून शिजवले की आंबील; त्यांची 'अंबली'. कोणाचा शब्द कोणी घेतला, त्याचा निवाडा भाषापंडितांनी करावा. उन्हाळ्यात शेतावर जाणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच गार वाटतात. उरलेल्या भाकरीचा कुस्करा फोडणीला घालायचा. घरात भाजी नसली तर पिठले. तेल जास्त लागू नये म्हणून डाळीचे पीठ कोरडेच भाजून घ्यायचे, ही माझ्या सासूबाईंची युक्ती.

पैशाच्या हिशेबात ही चूल स्वस्त होती खरी. पण तिसरा हिशेब पाहा. पहाटेच्या अंधारात जाते, मग पाणी, मग चूल. आठ माणसांच्या घरात एका वेळेच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे तास-सवा तास आरासमोरून उठता येत नसे. भाकरीला माणूस बांधलेला असतो. एक तव्यावर, एक निखाऱ्यावर, एक हातात. गिरण्या आल्या तेव्हा दळणावळ देऊन बायकांनी पहाटेची झोप विकत घेतली. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून पुढे पुष्कळांना हळहळ वाटली. ती हळहळ खरीच असेल, पण जाते ओढणाऱ्या एकाही बाईच्या तोंडून मी ती ऐकली नाही.

दाण्यावर सरकारचा हात प्रथम पडला तो दुसऱ्या महायुद्धात. लेव्हीची वसुली आणि धान्यावरची नियंत्रणे या काळातली. त्या वेळचा एक शब्द आमच्याकडे अजून टिकून आहे : 'कंट्रोल'. रेशनच्या दुकानाला आमच्या घरी कंट्रोलचे दुकान म्हणतात, आणि शेजारच्या घरी तिथल्या तांदळाला 'कंट्रोल बिय्यम' म्हणतात. संस्थान गेले, युद्ध संपले, इंग्रजही गेले. शब्द तेवढा दोन्ही भाषांनी वाटून घेतला.

1972 च्या दुष्काळात माहेरी मी शाळकरी होते. महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळी कामांवर सुकडी मिळे आणि कंट्रोलात अमेरिकेची लाल मिलो येई. तिची भाकरी थापताना चिरे आणि गिळताना घसा ओढे. त्याच्या आधी, 1964 साली, ज्वारीचे पहिले संकरित वाण सीएसएच-1 आले होते. उत्पन्न वाढले, पण घरची बाई म्हणे, 'हायब्रीडला चव नाही.' शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या हिशेबात फरक पडला तो तिथपासून.

मग आले 1983 साल. मी तेव्हा इचोड्यात नव्याने संसाराला लागले होते. नंदमूरि तारक रामाराव मुख्यमंत्री झाले आणि दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला. तोवर भात आमच्याकडे सणाचा, पाहुण्याचा नाहीतर आजाऱ्याचा. तो बघता बघता रोजचा झाला. सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणाल्या, 'भाताने पोट भरते, पण टिकत नाही.' तिसऱ्या महिन्यापासून त्याही भात खाऊ लागल्या.

असे का झाले? भाव हे एक कारण. दुसरे कारण सरकारी कागदात सापडणार नाही. कापूस वेचणीला बायका सकाळीच निघतात. भाताचे पातेले चुलीवर ठेवले की बाई लेकराची वेणी घालू शकते, पाणी भरू शकते, डबा बांधू शकते. भात राखायला माणूस लागत नाही. कुकर आल्यावर तर शिट्ट्या मोजण्याचेच काम उरले. 1999 मध्ये आंध्र सरकारच्या 'दीपम' योजनेने गरीब घरांत गॅस पोहोचू लागला, तसा सरपणाचा हिशेबही भाताकडे झुकला. ज्वारीचा पराभव तांदळाने केला असे आपण म्हणतो. माझ्या मते तिचा पराभव बाईच्या अपुऱ्या वेळाने केला, आणि त्याबद्दल त्या बाईला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता सरहद्दीपलीकडे पाहू. माझी धाकटी बहीण किनवटकडेच दिली. तिच्या कंट्रोलात गहूही मिळे, माझ्याकडे मुख्यत्वे तांदूळ. दोघी एका आईच्या हाताखाली भाकरी शिकलेल्या. वीस वर्षांत तिची मुले पोळीशिवाय जेवेनात आणि माझी भाताशिवाय. सुट्टीत एकत्र जमली की माझ्या मुलांना तिच्या घरी दुपारीच पुन्हा भूक लागे, आणि तिची मुले माझ्या ताटात पोळी शोधत. नकाशावरची रेघ आमच्या माजघरात अशी आली. 1995 मध्ये महाराष्ट्रात एक रुपयाची झुणका-भाकर केंद्रे निघाली. 2022 च्या दिवाळीत तिथल्या रेशनकार्डांवर शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' आला. इकडे 2015 पासून तांदूळ एक रुपयाने, आणि एप्रिल 2025 पासून बारीक तांदूळ माणशी सहा किलो मोफत. दोन्ही राज्यांनी मतदाराच्या ताटाची आठवण ठेवली, पण प्रत्येकाने आपापले ताट वेगळे वाढले.

तरी या रेघेने आमचे सगळेच तोडले नाही. भात आला तसे भाताचे शहाणपण शेजारणींकडून आले. पच्ची पुलुसु घ्या. लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ काढायचा, तीन-चार वाट्या पाणी, बारीक चिरलेला कांदा, भाजून चुरलेली मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर गूळ. वर जिरे-मोहरीची फोडणी. शिजवायचे काही नाही, सरपण लागते ते फक्त फोडणीपुरते. आजवर याहून स्वस्त कालवण माझ्या पाहण्यात नाही. दुसरी सर्वपिंडी : तांदळाचे पीठ, भिजवलेली चणाडाळ, तीळ, दाणे, कढीपत्ता एकत्र मळून तेल लावलेल्या खोलगट भांड्याच्या तळाशी थापायचे, बोटांनी भोके पाडून झाकण ठेवायचे. आपल्या थालीपिठाची ही तेलंगणातली बहीणच. देणे एकतर्फी नव्हते. पिठले त्यांच्याकडे गेले, आणि पुरणपोळीला तेलंगणात 'पोलेलु' म्हणतात, त्यात आपली पोळी ऐकू येते.

भाजण्याच्या पदार्थांचीही अशीच कथा. भट्टी श्रीमंताघरी, ही समजूत चुकीची आहे. वऱ्हाडाकडून आमच्यापर्यंत आलेले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात : कणकेचे थरावर थर देऊन वळलेले गोळे, वर राख, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. ना तवा, ना भांडे. दिवाळीत नानकटाई करायची तर घरून मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत जायचे. साखर-डालडा समसमान आणि मैदा दोघांच्या बेरजेइतका, मूठभर बेसन चवीला. हे प्रमाण तोंडपाठ असे. बेकरीवाले चाचा पत्रे देत, बायका तिथेच गोळे वळत, आणि भाजणावळ देऊन डबे भरून आणत. ईदेच्या आधी हीच रांग, हेच पत्रे, फक्त डबे दुसऱ्या घरचे. पुढे कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी वाळू पसरून, आम्ही रव्याचा केक करू लागलो तेव्हा ती रांग तुटली. सोय झाली, शेजार थोडा कमी झाला.

पाकपुस्तकांत हे कुठे आहे, म्हणून मी शोधले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' 1910 चे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची. वाटी-चमच्याचे माप देऊन तिने कित्येक नव्या सुनांचा संसार सावरला, माझाही. पण ही पुस्तके मुंबई-सांगलीकडच्या ओट्यांवरची. पायली-मापट्याने मोजणारी, 'गटका' आणि 'कण्या' हे दोन्ही शब्द एकाच पातेल्याला लावणारी आमची चूल त्यांत नाही. तेलुगू पुस्तकांतही ती नसणार, कारण त्यांच्या लेखी आम्ही मराठी.

आणि आता काळ उलटा फिरला आहे. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. शिवार पांढरे झाले, ज्वारी बांधाकडे सरकली. जे गरिबाचे धान्य, ते आज बाजारात साध्या तांदळाहून महाग. मधुमेह झालेल्यांना डॉक्टर भाकरी खायला सांगतात, म्हणजे रोजचे अन्न पथ्याच्या यादीत गेले. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणे झाली. अन्नसुरक्षेच्या 2013 च्या कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होतीच. आमच्या कंट्रोलात मात्र पोती आली ती तांदळाची.

संध्याकाळी आदिलाबादच्या रस्त्यांवर बायका चूल मांडून ज्वारीच्या भाकऱ्या थापून विकतात. नोकरदार माणसे स्कूटर थांबवून चार-चार घेऊन जातात. मला ते पाहून वाईट वाटत नाही. भाकरी थापण्याचा जो तास आमच्या सासवांच्या आयुष्यातून फुकट गेला, त्याचे कोणीतरी आज पैसे मोजते आहे. फक्त त्या भाकरीमागे शेतातली ज्वारी उरली पाहिजे, आणि कंट्रोलात तांदळाच्या पोत्याशेजारी ज्वारीचे एखादे पोते आले पाहिजे. दोन्ही राज्यांकडे मागावे असे हे एवढेच मागणे.

तोवर आपल्या हातचे काम आपण करावे. या दिवाळीत चकलीची भाजणी भाजताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि वही घ्या. कण्यांना पाणी किती, आंबील किती वेळ आंबवायची, रोडगा झाला हे कशावरून ओळखायचे, आणि शेजारच्या तेलुगू घरात त्याला काय म्हणतात, ते लिहून ठेवा. माप वाटीचे असो की मुठीचे, जसे सांगतील तसेच लिहा.