एकशे साठ प्रोसेसर आणि एक लॅपटॉप

मोहगाव, सौसर, पांढुर्णा हा संत्र्या-कापसाचा पट्टा १९५६ च्या प्रांतरचनेत मध्य प्रदेशात राहिला, पण त्याची नजर कायम दोनच गोष्टींकडे असते: नागपूरचा बाजार आणि आभाळ. भारताला महासंगणक हवा होता, त्यामागेही हे आभाळ होतेच. १९८० च्या दशकात अमेरिकेने मोसमी पावसाच्या अंदाजासाठी दिल्लीला क्रे कंपनीचा संगणक दिला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला मात्र त्याहून ताकदीचा द्यायला नकार दिला. मग स्वतःचाच महासंगणक बांधायला १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, इंजिनिअरिंग शिकलेले नागपुरात. हातात मुदत तीन वर्षांची.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच्या पोटात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या टी-८०० चिप होत्या. या चिपच्या आत मेमरी अवघी ४ किलोबाइट. पण शेजारच्या चिपशी थेट बोलायला चार वाटा होत्या, आणि सी-डॅकने नेमका त्यांचाच फायदा उचलला. चिप विकतची आणि जोडणी आपली, हा पुण्याचा खाक्या पुढेही टिकला. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते, पण त्यांना एकत्र बांधणारे ‘परमनेट’ सी-डॅकचे.

या ‘परम १००००’शी अलीकडचा लॅपटॉप ताडून बघायला मजा येते. त्यात ४०० मेगाहर्ट्झचे १६० प्रोसेसर होते. एक प्रोसेसर घड्याळाच्या एका ठोक्यात दोन आकडेमोडी करी, म्हणजे सेकंदाला ८० कोटी. सगळे मिळून कागदावर १२८ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १२,८०० कोटी आकडेमोडी. आता २०२० साली आलेला ॲपलचा लॅपटॉपमधला एम-१ प्रोसेसर घ्या. त्याचे चार वेगवान कोअर ३.२ गिगाहर्ट्झवर चालतात आणि प्रत्येक कोअर ठोक्याला १६ आकडेमोडी करतो. बेरीज जाते २०० गिगाफ्लॉपच्या वर. मॅकबुक एअरमध्ये तर त्याला गार ठेवायला साधा पंखाही नाही.

बावीस वर्षांचे अंतर आहे, तेव्हा यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. तर मग जवळचे उदाहरण बघू. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात टाटांच्या सीआरएल कंपनीने ‘एका’ हा महासंगणक उभा केला. जागतिक यादीत तो चौथा आला, आशियात पहिला. त्यातले इंटेलचे झिऑन प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचे. म्हणजे दुकानात आपण जो आकडा विचारतो, तो तेरा वर्षांत ३ वरून ३.२ वर आला! गिगाहर्ट्झवरून प्रोसेसर पारखणाऱ्याच्या हाती इथे काहीच लागत नाही.

बदलले ते आत. तो झिऑन चार कोअरचा म्हणून विकला जाई, पण झाकण काढले तर खाली दोन-दोन कोअरचे दोन वेगळे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले दिसत. एका तुकड्याला दुसऱ्याशी बोलायचे तर बाहेरच्या बसवरून वळसा. मेमरीकडे जायचे तरी तीच बस, सेकंदाला जेमतेम साडेदहा गिगाबाइट वाहून नेणारी. कोअर तयार बसलेले आणि माल वाटेत अडकलेला, ही नेहमीची रड. एम-१ मध्ये मेमरी प्रोसेसरच्या अंगालाच, त्याच पॅकेजवर चिकटवलेली असते. तिचा वेग सेकंदाला ६८ गिगाबाइट. ठोक्याला ४ ऐवजी १६ आकडेमोडी होऊ लागल्या, त्या पुरवायला एवढी रुंद वाट लागणारच. वीज मात्र उलट घटली. झिऑनला एकट्याला शंभर वॅटहून अधिक लागत. लॅपटॉपची ही अख्खी चिप त्याच्या चौथाईपेक्षा कमीत भागवते.

म्हणून झिऑनचा जुना सर्व्हर मोडीत काढावा का? त्याची मेमरी चुकलेला बिट स्वतः दुरुस्त करते, लॅपटॉपची सहसा करत नाही. सर्व्हर महिनोन्महिने पूर्ण भाराने चालतो. बिनपंख्याचा लॅपटॉप तसा राबवला की तापतो आणि वेग उतरवतो. शिवाय ‘एका’त असे साडेतीन हजारांवर प्रोसेसर जोडलेले होते. त्याची कागदावरची १७० टेराफ्लॉपची क्षमता गाठायला आठशेच्या वर एम-१ लागतील, आणि त्यांना जोडायचे कसे हा सी-डॅकचा जुना प्रश्न पुन्हा पुढ्यात येईल.

नुसत्या गिगाहर्ट्झला अर्थ नाही, हे हवामानाचे लोक ओळखून आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, तेव्हा त्याचे झिऑन अवघ्या २.१ गिगाहर्ट्झचे होते, ‘एका’पेक्षाही हळू, पण प्रत्येकात कोअर १८. त्याच्या जोरावर, अंदाजासाठी नकाशा ज्या चौकटींत विभागतात, ती चौकट १२ किलोमीटरवर आली. २०२४ मध्ये तिथेच ‘अर्का’ बसला आणि मे २०२५ पासून चौकट ६ किलोमीटरची झाली. सौसर तालुक्यातला पाऊस आता त्या हिशेबात मोजला जातो.