मोहल्ल्यातले घर आणि वेशीबाहेरचे घर

उर्दूचा 'माजूर' हा शब्द वर्गात शिकवताना आम्ही त्याचे मूळही सांगतो. ज्याला उज्र आहे तो माजूर, म्हणजे ज्याची सबब मान्य झाली आहे असा माणूस. मराठीत 'अपंग' म्हटले की अंगात काय कमी आहे ते आधी डोळ्यांपुढे येते. 'माजूर' म्हटले की याच्याकडून हिशेब मागायचा नाही, एवढेच समजते. ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत आणि आता कायद्याच्या भाषेत बौद्धिक दिव्यांग म्हणतात, त्यांना आपल्या बुजुर्गांनी 'जेहनी माजूर' म्हटले, हे चांगलेच झाले. पण शब्द चांगला असला म्हणून शेजार चांगला मिळतो असे नाही. असा माजूर माणूस कोठे राहावा, कोणाच्या भिंतीला भिंत लावून राहावा, या प्रश्नाला आपल्या मुलखात एक इतिहास आहे. तो आपण फारसा वाचलेला नाही.

फिकहच्या किताबांत वेडा आणि बुद्धीने कच्चा या दोघांना एक मानलेले नाही. पहिला मजनून, दुसरा मातूह. हनफी फकीहांनी मातूहच्या व्यवहाराचे, मालमत्तेचे, वलीचे नियम वेगळे मांडले. कुराणाच्या सूरह निसामध्ये अजाण लोकांच्या हाती माल देऊ नका असे सांगितले आहे. आपण एवढेच लक्षात ठेवतो. त्याच आयतीत पुढे त्यांना त्या मालातून खाऊ घाला, कपडे करा आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला असाही हुकूम आहे. सूरह नूरमध्ये आंधळा, लंगडा, आजारी यांच्यावर दोष नाही असे सांगून लगेच एकमेकांच्या घरी जेवण्याचा विषय येतो. मुफस्सिरांनी याचे एक कारण असे दिले आहे की मदिन्यात काही लोक अशांच्या पंगतीला बसायला कचरत असत. म्हणजे शेजाऱ्याचा संकोच ही आजची गोष्ट नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस यांची एक रिवायत आहे. डोक्याने अधू असलेली एक बाई रसूलुल्लाह (स.अ.) यांच्याकडे काम घेऊन आली. तू म्हणशील त्या गल्लीत येतो, असे उत्तर तिला मिळाले, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत ते रस्त्यावर तिच्यासोबत थांबले. वाअजमध्ये ही हदीस क्वचितच ऐकू येते.

आम्ही हे नरसी नामदेवमधून लिहीत आहोत. कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, 1270 हे त्यांचे जन्मवर्ष. पंजाबातून शीख भाविक येथे येतात, कारण नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तेथली आख्यायिका लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेव कीर्तन करत होते, पुढे बसू नको, मागे जा, असे त्यांना सांगण्यात आले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. आख्यायिका खरी की खोटी हा वाद येथे नको. ज्या गावाच्या नावात तो संत आहे, त्या पंचक्रोशीत, हिंदू असो की मुसलमान, घरात असे मूल असले आणि पाहुणे आले की त्याला हळूच मागच्या खोलीत नेले जाते, हे आम्ही पाहतो. सोयरीक जुळवायला लोक आले असतील तर नक्कीच. भावाबहिणींचे रिश्ते अडतील ही भीती त्यामागे असते, आणि ती अगदीच खोटी नाही.

घरात ठेवणे जमले नाही की आपल्याकडे दुसरा रस्ता दर्ग्याचा. बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मराठवाडा-विदर्भातून किती लोक आपले माणूस घेऊन जातात हे कोणाला सांगायला नको. हाजरी, भूतबाधा, साखळी या सगळ्यांत मनोरुग्ण कोण, मिरगीचा रोगी कोण आणि जन्मापासून बुद्धीने मागे राहिलेले लेकरू कोण, याचा विचार होत नाही. पण याची एक दुसरी बाजूही आहे. सूफी परंपरेत 'मज्जूब' ही जागा होती, आणि या जागेने काही विचित्र वागणाऱ्या माणसांना मोहल्ल्यात राहू दिले. नागपूरचे ताजुद्दीन बाबा हे आपल्या जवळचे उदाहरण. 1861 साली कामठीला जन्म. चरित्रकार सांगतात की कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या लोकांना त्यांच्या वागण्याचा त्रास वाटला आणि 1892 मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. सोळा वर्षे ते तेथे होते. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली आणि 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी हमी भरून त्यांना आपल्या वाड्यावर आणले. एकाच माणसाला छावणीने गावाबाहेर काढले आणि राजाने घरात घेतले. 1925 मध्ये त्यांचे निधन झाले. हिंदू-मुसलमान दोघेही आजही त्यांच्या उर्सला जातात.

मात्र बाबांच्या या गोष्टीने आपली सुटका होत नाही. ज्याच्यात करामत दिसते त्याला वाड्यात जागा मिळते. ज्या पोराच्या तोंडातून लाळ गळते आणि ज्याच्यात काहीच करामत नाही, त्याचे काय?

इंग्रजी कायद्याने मातूह आणि मजनून यांतला फरकच पुसला. 1912 च्या भारतीय वेडेपणा कायद्यात वेड्याची व्याख्या करतानाच जन्मतः मंदबुद्धी माणूसही त्यात घातला. परिणाम असा की वेड्यांच्या इस्पितळांत अशी मुले वर्षानुवर्षे पडून राहिली. मुंबईत मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने 1941 मध्ये अशा मुलांसाठी वेगळे गृह काढले. 1944 मध्ये जय वकील या पारशी बाईंनी आपल्या मुलीसाठी राहत्या घरातच शाळा सुरू केली. आज ती शिवडीची मोठी संस्था आहे. म्हणजे एकीकडे सरकारी आवार आणि दुसरीकडे आईचे घर. मराठी मुलखातल्या पुढच्या सगळ्या प्रयत्नांना हे दोनच नमुने मिळाले, आणि दुर्दैवाने पहिला जास्त चालला.

तो कसा चालला हे शिरूरवरून कळते. 1994 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळचा कायदा पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1993 मध्ये अमलात आला आणि त्याने मतिमंदत्व आपल्या कक्षेतून वगळले. ते वगळणे योग्यच होते. पण अपंग व्यक्तींचा 1995 चा कायदा 1996 च्या फेब्रुवारीत लागू झाला. मधल्या तीन वर्षांत या माणसांना जुना कायदा उरला नव्हता आणि नवा आलेला नव्हता. शिरूरच्या त्या बायका नेमक्या याच मधल्या काळात सापडल्या.

2001 साली तामिळनाडूतल्या एरवाडीला काय झाले ते आपल्या लोकांनी तरी विसरू नये. दर्ग्याच्या आसपास खासगी लोकांनी 'घरे' थाटली होती. पैसे घेऊन मनोरुग्णांना ठेवायचे आणि साखळीने बांधायचे. 6 ऑगस्टच्या पहाटे त्यांतल्या एका छपराला आग लागली आणि साखळ्यांमुळे पळता न आल्याने 28 माणसे गेली. दर्गा ही घरे चालवत नव्हता, हे खरे. पण त्या साखळ्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होत्या, आणि गावाचा रोजगार त्यावर चालत होता. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या गृहातली मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या 2010 मध्ये आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्यभरच्या अशा गृहांची तपासणी झाली, आणि पनवेलजवळच्या एका गृहातला मुलींवरचा अत्याचार उघड झाला. अशी घरे मुद्दाम लांब, आडबाजूला बांधली जातात. तेथे कोणाची सासू मीठ मागायला जात नाही, पोरांचा चेंडू आवारात पडत नाही. शेजारी नसला की आत काय चालते ते विचारणाराही नसतो. नकोसा वाटणारा हा शेजारच त्या माणसांचा पहिला पहारेकरी असतो, असे आमचे मत आहे.

याच्या उलट चाललेली दोन ठिकाणे सांगतो. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानकांवर, बसथांब्यांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली दिव्यांग मुले सांभाळली. त्यांतली अनेक बौद्धिक दिव्यांग आहेत. 123 मुलांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून बाबांचेच नाव आहे. त्यांचे सरकारशी भांडण एका मुद्द्यावर राहिले: अठरा वर्षे झाली की बालगृहातून बाहेर पडा हा नियम ज्याला बाहेरचे जगच कळत नाही त्याला कसा लावायचा? वझ्झरची मुले मोठी झाली तरी तेथेच राहिली, त्यांनी टेकडीवर हजारो झाडे वाढवली, काहींची लग्ने बाबांनी चारचौघांना बोलावून लावली. 2024 मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे नाव छापले. न बोलणाऱ्या, न शिकू शकणाऱ्या बाकीच्यांचे नाव छापण्याचे कारण पडत नाही. वझ्झरचे खरे काम मात्र त्यांच्यासाठी आहे.

दुसरे ठिकाण पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यातले साधना व्हिलेज, 1994 पासूनचे. प्रौढ बौद्धिक दिव्यांग माणसे तेथे कुटुंबासारखी राहतात, घरातली कामे वाटून करतात. मेधा टेंगशे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. आम्हाला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. या संस्थेने आजूबाजूच्या गावांतही काम उभे केले, बायकांचे बचत गट आले. त्यामुळे खोऱ्यातल्या लोकांना हे घर परके राहिले नाही. शेजाऱ्याकडून दया मागण्यापेक्षा त्याच्या कामाला येणे हा व्यवहार आपल्या लोकांना चटकन कळेल.

शेजाऱ्यांच्या विरोधाचा सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. टेक्सासमधल्या क्लेबर्न या गावात 13 मतिमंद स्त्री-पुरुषांसाठी एक घर घेण्यात आले. नगरपालिकेने खास परवाना मागितला आणि मग तो नाकारला. कारणे ऐकण्यासारखी आहेत. आसपासच्या घरमालकांना पसंत नाही. म्हाताऱ्या लोकांना भीती वाटते. समोर शाळा आहे, तिची मुले या लोकांना चिडवतील. आणि जागा अशी आहे की पाचशे वर्षांतून एकदा तेथे पूर येऊ शकतो! त्याच शाळेत सुमारे तीस मतिमंद मुले शिकत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याच जागेवर दवाखाना किंवा वृद्धाश्रम काढायला असा परवाना लागत नव्हता. 1985 च्या जुलैत तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेचा निर्णय रद्द केला. शेजाऱ्यांची नुसती नापसंती हे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा सारांश.

आपल्याकडे असा खटला गाजला नाही, कारण मोहल्ल्यात असे घर काढण्यापर्यंत गोष्ट क्वचितच जाते. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' आणि 'घरौंदा' या योजना अशा घरांसाठीच आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 15 लाखांवर माणसे या प्रकारात नोंदली गेली, आणि लपवलेली त्यात नाहीत. तरी कोणी जागा पाहायला निघाले की क्लेबर्नचीच कारणे दखनीत ऐकू येतात. बच्चों पे असर पडेगा. जवान लड़कियाँ हैं घर में. जागेचा भाव पडेल. आणि सर्वांत गोड नकार म्हणजे, बहुत सवाब का काम है, लेकिन जरा गाँव के बाहर करो.

ही शेवटची ओळ आम्हाला टोचते. शहरात नाव ऐकून खोली नाकारली जाणे म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी किती अदबीने बोलतो आणि अखेर 'सभासदांची हरकत आहे' कसे म्हणतो, ते आपण ऐकलेले आहे. तेच वाक्य आपल्या मोहल्ल्यात आपण माजूर माणसाच्या आईबापांना ऐकवतो.

जागा नाही ही सबब तर मराठवाड्यात चालणारच नाही. वक्फचा मूळ हेतू आठवावा. दमिश्कचे नूरुद्दीनचे बीमारिस्तान (1154) आणि काहिराचे कलावूनचे (1284) भर शहरात होते, त्यांत वेड्यांनाही जागा होती, आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या पाणचक्कीत आज राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे, तेथे एके काळी फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. दुकानगाळे काढण्यात आणि भाड्यावरून भांडण्यात आपली एवढी वर्षे गेली. चार खोल्यांचे, दहा माणसांचे एक घर त्या जागांपैकी एकीवर, मशिदीच्या हाकेच्या अंतरावर, का होऊ नये? जुमाच्या दिवशी ही माणसे सफच्या कडेला बसली तर नमाजेत कोणाचे काय बिघडते?

एक गोष्ट त्याआधीची, आणि ती आजही करता येते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान. बँक, जमीन, दवाखाना, सगळीकडे सही त्याची लागते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि ती कायदेशीर पालक नेमून देते. आमच्या शाळेत येणारे आईबाप दिव्यांगाच्या दाखल्यापर्यंत जातात, पगारीचा अर्ज भरतात आणि थांबतात. पालकत्वाच्या अर्जाचे सांगितले की बाप विचारतो, हम हैं ना अभी. आई काही बोलत नाही. ती भाऊ, नणंद, पुतणे अशी एकेक नावे मनात घेऊन पाहत असते.