कोरियन संगीताची उसनी नावे

१/८
ज्या संगीतामुळे दक्षिण कोरियाला आज जग ओळखते, त्याच्याशी जोडलेली दोन्ही प्रसिद्ध नावे शेजाऱ्यांकडून आली आहेत. 'के-पॉप' जपानी साच्यातले, 'हाल्यू' चिनी भाषेतले. या शब्दांत पूर्व आशियाचे एक शतक साठले आहे. #इतिहास

२/८
१९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानची वसाहत होता. तबकड्यांवरील लोकप्रिय गाण्यांना तेव्हा 'युहेंग्गा' म्हणत. हाच शब्द जपानीत 'ऱ्यूकोका'. उच्चार निराळे, पण मूळ चिनी अक्षरे तीच: 'प्रचलित गाणे'.

३/८
पुढे 'गायो' हे नाव स्थिरावले. मराठी 'गाणे'शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे. हा शब्दही चिनी अक्षरांतलाच, आणि जपानी 'कायो' हा त्याचा सख्खा भाऊ.

४/८
वसाहतीची जखम मात्र ओली होती. ली मी-जा यांचे १९६४ चे अत्यंत लोकप्रिय गाणे 'दोंगबेक आगाश्शी' जपानी वळणाचे ठरवून सरकारने त्यावर बंदी घातली. ती १९८७ मध्ये उठली. जपानी लोकप्रिय संस्कृतीवरील निर्बंध तर १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाले. जपानी भाषेतील गाण्यांच्या तबकड्यांना २००४ उजाडावे लागले.

५/८
दरम्यान, १९८८ मध्ये टोकियोत 'जे-वेव्ह' हे एफएम केंद्र सुरू झाले आणि त्याच्याभोवती 'जे-पॉप' हा शब्द रुजला. १९९० च्या दशकात 'के-पॉप' त्याच धर्तीवर घडला. जपानी गाणी कोरियाच्या दुकानांत उघडपणे येण्याआधीच जपानी धाटणीचे नाव येऊन पोहोचले होते.

६/८
त्याच दशकाच्या अखेरीस चिनी वृत्तपत्रांनी 'हानलिऊ', म्हणजे 'कोरियाचा प्रवाह', हा शब्द रूढ केला. चिनीत थंडीच्या लाटेसाठीचा शब्दही हुबेहूब असाच उच्चारला जातो. फक्त पहिले अक्षर वेगळे. त्यामुळे या नावात कौतुकाबरोबर इशाराही वाचता येत होता.

७/८
कोरियाने तोच शब्द 'हाल्यू' या उच्चाराने आपलासा केला. जपानमध्ये ती अक्षरे 'कानऱ्यू' अशी वाचतात, पण 'हानऱ्यू' असेही म्हणतात. त्यातला 'हान' हा कोरियन उच्चार. १९४० मध्ये ज्या सत्तेने कोरियन माणसांवर जपानी धाटणीची नावे लादली, तिच्याच भाषेत आता हा कोरियन उच्चार नांदतो.

८/८
घरचा 'गायो'ही पुसला गेलेला नाही. एसबीएस वाहिनीच्या कार्यक्रमाचे नाव आजही 'इन्किगायो', म्हणजे 'लोकप्रिय गाणी'. जग ज्याला के-पॉप म्हणते, ते त्याच मंचावर सादर होते.