श्वासावाटे प्रतिजैविके : अतिदक्षता विभागातील एका उपचाराचा इतिहास

कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या फुफ्फुसात प्रतिजैविकाचे तुषार थेट पोहोचविण्याची कल्पना अलीकडची नाही. पेनिसिलीन श्वासावाटे देण्याचे प्रयोग १९४० च्या दशकातच झाले होते. तथापि या उपचाराचा खरा इतिहास अतिदक्षता विभागाबरोबर सुरू होतो. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची साथ पसरली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेस छेद देऊन दाबाने हवा भरण्याची पद्धत अवलंबिली. यंत्रे अपुरी होती. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने हवेच्या पिशव्या दाबून रुग्ण जगविले. परंतु ज्या नळीने श्वास दिला, तिनेच जीवाणूंनाही फुफ्फुसाची वाट मोकळी करून दिली.

पुढील दशकात तर तुषारयंत्रच संशयाच्या भोवऱ्यात सापडले. श्वसनोपचाराची दूषित उपकरणे रुग्णालयात फुफ्फुसाचा संसर्ग पसरवितात, असे १९६५ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी दाखविले.

या पार्श्वभूमीवर बॉस्टन येथील एका अतिदक्षता विभागात झालेले प्रयोग विशेष महत्त्वाचे ठरतात. तेथे दोन-दोन महिन्यांच्या आलटून पालटून येणाऱ्या कालखंडांत ७४४ रुग्णांपैकी काहींना पॉलिमिक्सिन बी तुषाररूपाने, तर काहींना औषधविरहित तुषार देण्यात आले. स्यूडोमोनासमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. उत्साहाच्या भरात नंतर हे औषध सलग सात महिने, २९२ रुग्णांना, सरसकट देण्यात आले. त्यातील ११ जणांना न्यूमोनिया झाला. संख्या अल्पच, पण बहुतेकांत आढळलेले जीवाणू पॉलिमिक्सिनला दाद न देणारे होते आणि या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ६४ टक्के होते. औषधाचा अखंड वापर धोकादायक असल्याचा निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तुतः दोष मार्गाचा नव्हे, सरसकट व दीर्घ वापराचा होता. परंतु वैद्यकविश्वाने मार्गच जवळजवळ सोडून दिला.

त्याच कुळातील कोलिस्टिन हे औषधही मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे मागे पडले होते. इतर औषधांना न जुमानणारे असिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला बळावल्यावर भारतासह अनेक देशांतील डॉक्टरांना त्याच्याकडे परतावे लागले. शिरेवाटे दिलेले हे औषध फुफ्फुसात अपुरे पोहोचते आणि मात्रा वाढविल्यास मूत्रपिंड संकटात येते. या पेचामुळे तुषारांची आठवण पुन्हा झाली. न्यूमोनिया झाल्यावर शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या उपचारास जोड म्हणून तुषाररूप अमिकासिन देऊन पाहिलेल्या, २०१७ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी निराशाच केली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीने प्रश्नच निराळा विचारला. किमान तीन दिवस यंत्रावर असलेल्या रुग्णांना, न्यूमोनिया होण्यापूर्वी, अमिकासिनचे तुषार केवळ तीन दिवस देण्यात आले. न्यूमोनियाचे प्रमाण २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले. बॉस्टनमधील सात महिन्यांच्या तुलनेत हे तीन दिवस फार बोलके आहेत. मृत्यू कमी होतात, हे मात्र याही चाचणीने सिद्ध झाले नाही.