तार धरून ठेवणारे हात

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले की राजे, लढाया, तह, फार तर संतमंडळी, असा विषय लोक धरून चालतात. मी आज एका लहानशा लोखंडी चिमट्याविषयी आणि एका अडसराविषयी बोलणार आहे. विजेच्या गिटारीची घोडी हलती असते. ती हलली तरी सूर हलू नयेत म्हणून तिला जी कुलुपे बसवितात, त्यांचा हा इतिहास आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला गिटारीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. वाद्याच्या इतिहासात वाजविणाऱ्याचे नाव लिहिले जाते, वाद्य करणाऱ्याचे क्वचित आणि दुरुस्त करणाऱ्याचे कधीच नाही. ह्या चिमट्याच्या इतिहासात मात्र तिघेही एका ठिकाणी भेटतात.

प्रथम वस्तू समजून घेऊ. गिटारीला सहा तारा. त्या एका टोकाला खुंट्यांना गुंडाळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला घोडीशी अडकविलेल्या असतात. सहा तारांची मिळून ओढ सुमारे ४० ते ५० किलो असते. साध्या गिटारीत घोडी पक्की असते, त्यामुळे ही ओढ लाकूड निमूटपणे सोसते. हलत्या घोडीत तसे नाही. तिथे घोडी एका धारेवर तोललेली असते. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने वाद्याच्या पाठीत बसविलेल्या स्प्रिंगा ओढतात. घोडीला एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होऊन सूर खाली उतरतो, सोडली की सूर जागेवर येतो. निदान यावा अशी अपेक्षा असते. आमच्या इतवारीच्या विणकरांना हे सांगावे लागणार नाही. मागावरील ताणा एका अंगाने ओढलेला आणि दुसऱ्या अंगाने धरलेला असतो, आणि ह्या दोहोंचा मेळ बिघडला की कापड बिघडते.

घोडी हलविण्याची ही हौस का झाली? माणसाचा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. सतारीवर आपण तार आडवी ओढून मींड घेतो. हवाई बेटांतील वादक तारेवरून लोखंडी कांब सरकवून तोच परिणाम साधत. ही हवाई गिटार पुढे आपल्याकडेही आली, आणि व्हॅन शिपले यांच्यासारख्या वादकांनी हिंदी चित्रपटांची गाणी तीवर घरोघर पोहोचविली. हाच घसरता सूर साध्या गिटारीतून काढता यावा म्हणून अमेरिकेत १९३० च्या सुमारास डॉक कॉफमन याने दांडीची युक्ती केली. पुढे १९५० च्या सुमारास पॉल बिग्सबी याने दुसरी केली. हा बिग्सबी मोटारसायकलींच्या कारखान्यात तयार झालेला यांत्रिक कारागीर होता.

यानंतर येतो लिओ फेंडर. त्याचा जन्म १९०९ चा. हा मनुष्य मुळात हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. विशेष हे की त्याला गिटार वाजविता येत नव्हती. तो वादकांच्या तक्रारी ऐके आणि त्यांवर उपाय शोधी. त्याचा एक सहकारी फ्रेडी टावारेस हा हवाई बेटांतलाच, स्वतः हवाई गिटार वाजविणारा. १९५४ मध्ये त्यांची स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आली, आणि तिच्या हलत्या घोडीचे पेटंट फेंडरला १९५६ मध्ये मिळाले. फेंडरने त्या रचनेला ‘ट्रेमोलो’ असे नाव दिले. वस्तुतः ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराची कंपने आणि व्हायब्रॅटो म्हणजे सुराच्या उंचीची. चुकीचे नाव जगभर रूढ झाले आणि आजतागायत टिकले.

आता दोष पाहा. दोष दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळून चालणार नाही.

पहिला दोष तोलाचा. सहांतील एक तार तुटली की तारांच्या बाजूची ओढ कमी होते. स्प्रिंगा घोडी मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढतो. तुटली एक, बिघडल्या पाच. गिरणीत एक माणूस कमी करून त्याचे काम उरलेल्यांवर टाकले, तर सगळ्या खात्याची लय कशी बिघडते, हे ज्याने पाहिले त्याला हा दोष चटकन कळेल.

दुसरा दोष घर्षणाचा. दांडी दाबली की तार सैल होते आणि गळ्याच्या वरच्या टोकाच्या खाचेतून सरकते; खुंटीवरील वेढेही किंचित ढिले होतात. दांडी सोडल्यावर तार परत येताना त्या खाचेत अडकते. केसाच्या जाडीइतकी जरी ती अडकली तरी कानाला खटकते.

पहिल्या दोषावर उपाय फेंडरनेच काढला. १९५८ च्या जॅझमास्टर गिटारीत त्याने घोडीच्या यंत्रणेला सरकते बटण बसविले. ते सरकविले की यंत्रणा ठरलेल्या जागेच्या पलीकडे मागे जाऊ शकत नाही. तार तुटली तरी वादकाने बटण सरकवावे आणि पाच तारांवर गाणे पुरे करावे. हा झाला अडसर. तो घोडी थांबवितो. तारेला हात लावीत नाही.

दुसऱ्या दोषावरील उपायाला वीस वर्षे लागली. तो काढणारा फ्लॉइड रोझ हा १९७० नंतरच्या दशकात एका वाद्यवृंदात गिटार वाजवीत असे आणि दागिने घडविण्याचा धंदाही करीत असे. इतवारीच्या सराफ्यात बसणाऱ्यांनी येथे कान द्यावा. दागिने घडविणाऱ्याकडे काय असते? बारीक कानस, शेगडा, चिमटे, आणि धातू दोन केसांइतका कमी करावयाचा की तीन, हे ओळखणारी बोटे. तार खाचेत सरकते हे त्याने हेरले, आणि खाचेच्या जागी पितळेची पट्टी करून तीन चिमट्यांनी दोन-दोन तारा आवळून टाकल्या. पितळ मऊ पडले, तेव्हा तो अधिक कठीण धातूकडे वळला. पुढे हीच आवळण्याची युक्ती त्याने घोडीच्या बाजूलाही लावली. अशा रीतीने तार दोन्ही टोकांना पक्की धरली गेली. जो भाग वाजतो तो मधला. खुंटीवरील वेढे ढिले होवोत की घट्ट, त्याचा सुराशी संबंधच उरला नाही. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि पुढील दशकात एडी व्हॅन हेलन याच्यासारख्या वादकांनी ही घोडी गाजविली.

परंतु प्रत्येक सुधारणेची किंमत असते, आणि ती कोणाला तरी मोजावी लागते. हे कुलूप जुन्या गिटारीला बसवावयाचे तर गळ्याच्या टोकाचे लाकूड पटाशीने कापून सपाट करावे लागते, आणि बहुधा अंगाचे लाकूडही पोखरावे लागते. कापलेले लाकूड परत येत नाही. चिमट्याचा स्क्रू कमी आवळला तर तार सरकते, फाजील आवळला तर आटे जातात. म्हणजे शोध एकाचा असला तरी तो बसविणारा हात चुकला की वाद्य गेले. शिवाय ह्या कुलपाने पहिला दोष जात नाही. तोल तसाच नाजूक राहतो, तार तुटली की बाकीच्या चढतातच. म्हणून पाठीच्या पोकळीत स्प्रिंगांजवळ बसवावयाचे छोटे अडसर आजही विकत मिळतात.

आणखी एक अडचण उभी राहिली. वरचे टोक कुलूपबंद झाल्यावर खुंटी पिरगाळून उपयोग नाही. वाजविता वाजविता तार थोडी उतरली तर करावयाचे काय? दर वेळी किल्ली घेऊन चिमटे उघडावयाचे? यावर १९८० नंतर तोड निघाली. घोडीच्या मागे, दर तारेला एक, असे बारीक स्क्रू आले. ते बोटाने फिरवून सूर केसभर चढवावा वा उतरवावा.

श्रोतेहो, ही तोड ऐकून तंबोरा जवळून पाहिलेला कोणीही म्हणेल की हा तर आपला मणका! घोडीच्या मागे तारेत ओवलेला मणी खाली सरकविला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो. खुंटीने ढोबळ सूर लावावयाचा आणि मणक्याने बारीक, ही कामाची वाटणी आपल्या तंबोऱ्यात जुनीच आहे. आपली खुंटी तर निव्वळ घर्षणावर उभी असते. निमुळते लाकूड गोल भोकात घट्ट दाबलेले, आणि निसटू लागले की त्याला खडूची भुकटी. गिटारीत जे घर्षण शत्रू ठरले, तेच तंबोऱ्यात सूर धरून ठेवणारे सेवक झाले आहे.

हा मणका कोणी शोधला? पेटंट कोणाच्या नावे? उत्तर मिळत नाही. तंबोऱ्याच्या कारागिरीसाठी महाराष्ट्रात मिरजेचे नाव घेतात. तेथील हा धंदा शिकलगारांनी उभा केला. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानांच्या फौजा मोडल्या, हत्यारांचा खप गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या कुटुंबातील मंडळी सतारी व तंबोरे करू लागली. भीमेकाठचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पोलादाला पाणी देणारे हात यांतून एक नवी विद्या जन्माला आली. जवारी लावणे, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसीने असा उतरविणे की तार तिला पुसटशी स्पर्शत राहील, हे काम त्यांनी कानाने आणि बोटाने साधले. धंदा बुडाला म्हणून रडत न बसता, हातातील कौशल्य दुसऱ्या वस्तूवर चालविण्याचे हे उदाहरण कामगारांच्या इतिहासात पहिल्या पानावर असावयास हवे. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल बंद पडलेली पाहिलेल्या नागपूरकरांनी तर ते मनात साठवून ठेवावे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ मध्ये, म्हणजे धंदा सुरू झाल्यावर पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास. मधल्या काळात, १९७९ पासून, बंगळुरूचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि गवयाच्या मागची जागा त्याने पुष्कळ अंशी घेतली. कागद आला तो असा उशिरा. तरीही तो आला हे चांगले झाले. पेटंट एका व्यक्तीला मिळते आणि ठराविक वर्षांनी संपते; मानांकन एका गावाच्या साऱ्या कारागिरांचे असते आणि नूतनीकरण करून टिकविता येते. सामुदायिक हक्कासाठी झगडलेल्या माणसाला ही दुसरी रीत अधिक जवळची वाटली तर नवल नाही. तथापि दोहोंतही एक उणीव राहतेच. प्रत्यक्ष ज्या हाताने ते वाद्य घडले, त्याचे नाव कागदावर येत नाही.

फुलर्टनच्या कारखान्यात कामगारांनी यावर स्वतःच एक वाट काढली होती. टाडेओ गोमेझ हा गिटारीचे गळे घडविणारा कारागीर गळ्याच्या बुडाला पेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहीत असे. तो भाग अंगात बसला की दिसत नाही. दुरुस्तीसाठी वाद्य उघडावे तेव्हाच दिसतो. तारांचा आवाज विजेत बदलणारी चुंबकी वेटोळी गुंडाळणाऱ्या अबिगेल इबारा यांनीही आपल्या कामावर अशाच खुणा केल्या. १९६५ मध्ये फेंडरने कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरांना कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम ह्या कंपनीला विकला. आज मात्र जुनी गिटार खरी की खोटी हे ठरविताना जाणकार तिचा गळा सोडवून त्या पेन्सिलीच्या खुणा शोधतात. मालकीची कागदपत्रे कपाटात राहिली, आणि वाद्याच्या खरेपणाला साक्ष कामगाराची लागली.

म्हणून माझे मागणे लहान आहे. मिरजेत असो, इतवारीत असो, जो कोणी तंबोऱ्याला जवारी लावतो, गिटारीला कुलूप बसवितो, मागाचा ताणा जुळवितो किंवा दागिन्याचा फासा घडवितो, त्याने आपले नाव आणि तारीख वस्तूच्या आतल्या बाजूला लिहावी. ग्राहकाने ती लिहू द्यावी. आणि आपल्या संघटनांनी अशा कारागिरांची नावे, त्यांनी कोणापासून विद्या घेतली आणि कोणाला दिली, याची एक साधी वही ठेवावी. खर्च एका पेन्सिलीचा आणि एका वहीचा आहे. तेवढे केले तर शंभर वर्षांनी ह्याच व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणाऱ्याला मणका कोणी शोधला ह्या प्रश्नापाशी थांबावे लागले, तरी तो कोणी कोणी चालता ठेवला हे सांगता येईल.