हुगळीकाठची मराठी

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला नगर जिल्ह्यातले गाव आठवते. मी गेलो ते बंगालमधले. आपले पाळक त्याला सेरामपूर म्हणतात. कंपनी सरकार आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हते, आणि हे गाव होते डेन्मार्कच्या ताब्यात. म्हणून विल्यम केरी 1800 साली इथे येऊन राहिले. डॅनिश लोकांचे सेंट ओलाव्ह चर्च अजून उभे आहे. नदीकाठच्या सेरामपूर कॉलेजात केरींचे ग्रंथालय व संग्रहालय आहे.

आदिलाबादच्या माणसाला तिथे काय सापडावे? आपली मराठी!

केरी महाराष्ट्रात कधी आलेच नाहीत. तरी 1805 मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमान या गावी छापले गेले. गोव्यात फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण 1616 मध्येच छापले होते, पण रोमन लिपीत; नागरीचे खिळे तेव्हा नव्हते. सेरामपुरात पंचानन कर्मकार या कारागिराने ते घडवले. 1810 चा मराठी कोश तर मोडीत निघाला. 1811 मध्ये नवा करार पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी, 11 मार्चला, छापखाना जळाला. कितीतरी हस्तलिखिते गेली. ढिगाऱ्यात ठसे शाबूत सापडले, तेव्हा वितळलेल्या धातूचे पुन्हा खिळे ओतून काम सुरू झाले.

केरींच्या हाताशी होते वैजनाथ पंडित, नागपूरकडचे. म्हणून त्या शुभवर्तमानाची मराठी तिकडच्या वळणाची उतरली. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती आपल्या लोकांसाठी चालेना. त्यांनी नवे भाषांतर करून 1826 मध्ये नवा करार छापला. ते योग्यच झाले, लोकांना वचन कळले पाहिजे. पण केरींची मराठी 'चुकीची' होती असे कोणी म्हणाले की मला राहवत नाही. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला तुमची मराठी कसली, असे पुणे-मुंबईकडचे पाहुणे हसत विचारतात. प्रभूचे वचन मराठीत पहिल्यांदा छापले गेले ते आपल्या शेजारच्या मुलखाच्या बोलीत, हे त्यांना सांगावे.

केरींची कबर तिथे आहे, लोक फुले वाहतात. वैजनाथांची कुठे, कोण विचारतो? आमच्या रविवारच्या वर्गात मुले मत्तय उघडतात तेव्हा मी आता दोन्ही नावे घेतो.